हौशी लोकांची शर्यत

मामंजी, आज सकाळी धाकट्या नातवानं मला पेपर वाचून दाखवला. घाटातल्या सायकल शर्यतीवर कुणीतरी मोठा लेख लिहिलाय. जुने दिवस, जुने खेळाडू, धुक्यातला रस्ता, सगळं छान रंगवून सांगितलंय. आणि मधेच एक वाक्य आहे, की ही शर्यत पहिल्यापासून सर्वांना खुली होती. मी त्याला म्हटलं, परत वाच. त्यानं परत वाचलं. पहिल्यापासून सर्वांना खुली. मी मळत होते ती कणीक तशीच ठेवून उठले. पोरगं घाबरलं, म्हणालं, आजी, काय झालं? त्याला काय सांगू? त्यानं तुम्हाला भिंतीवरच्या फोटोत तेवढं पाहिलंय. त्या फोटोत तुम्ही पटका बांधून असे ताठ बसला आहात, की हा माणूस कधी सायकलीवर बसला असेल असंही कुणाला वाटू नये. म्हणून दुपारी सगळे झोपल्यावर कागद घेऊन बसले आहे. चौथीपर्यंतचं माझं शिक्षण, अक्षर वाकडं येतंय. रागानं आणखी वाकडं येतंय.

मी कान्ह्याहून सून म्हणून लोणावळ्यात आले तेव्हा तुमच्या घराला दोनच खोल्या होत्या. पुढच्या खोलीत सायकलीचं दुकान आणि मागच्या खोलीत चूल. सासूबाई आधीच गेल्या होत्या, तुमचा मुलगा रेल्वेत पाळीवर जायचा, आणि दिवसभर घरात तुम्ही आणि मी. पंक्चरच्या सोल्यूशनचा वास माझ्या आमटीला लागायचा आणि तुम्ही जेवताना म्हणायचात, "पोरी, आज टायर लय झ्याक शिजलाय." तुम्ही कुरवंड्याचे. पोरवयात डोंगर उतरून बंगल्यावर कामाला आलात, तिथला साहेब विलायतेला परत जाताना मोडकी सायकल टाकून गेला, ती जुळवता जुळवता तुमचा धंदा झाला, हे तुम्हीच मला सांगितलं होतं. पण एक गोष्ट तुम्ही कधी सांगितली नाहीत, ती मी डोळ्यांनी पाहिली. दुकान बंद असायचं त्या दिवशी तुम्ही सायकल काढायचात, खंडाळ्यावरून घाट उतरून खोपोलीला जायचात आणि तसेच परत चढून यायचात. खोपोलीला तुमचं ना काम, ना कुणी पाहुणा. पहिल्यांदा मी विचारलं, "मामंजी, तिकडं कशाला जाता?" तुम्ही घाम पुसत म्हणालात, "वर येताना बरं वाटतं." एवढंच. मला ते तेव्हा खुळ्यासारखं वाटलं. आता विचारते, हौस म्हणजे याहून वेगळं काय असतं हो?

कारण त्या लोकांनी तुम्हाला तेच सांगितलं, की तुम्ही हौशी नाही.

पुण्याच्या क्लबानं शर्यत काढली ते वर्ष मला पक्कं आठवतं, माझ्या लग्नाचं दुसरं वर्ष. वडगावहून निघायचं, कान्हे, कामशेत, मळवलीवरून लोणावळा, मग घाट उतरून खोपोली, आणि तिथून उलट चढून लोणावळ्यात संपवायचं. तुम्ही नाव द्यायला गेलात, त्यांनी नाव लिहून घेतलं. तुमचं दुकान आहे हे त्यांना माहीत नव्हतं असं नाही. आदल्या संध्याकाळी मंडळी घाट बघायला आली होती आणि निम्म्या सायकली तुमच्याच दुकानापुढं उभ्या होत्या. त्यांच्या चेनी तुम्ही घट्ट केल्यात, चाकं सरळ केलीत. शर्यतीच्या दिवशी तुम्ही मुलाची जुनी खाकी अर्धी विजार घातलीत आणि मी हसू नये म्हणून माझ्याकडे न बघता बाहेर पडलात.

मी शेजारच्या मावशींबरोबर चालत खंडाळ्याच्या टोकाला गेले होते, घाट संपतो तिथं. खूप माणसं जमली होती. खालच्या वळणावर पहिला माणूस दिसला तेव्हा मावशी म्हणाल्या, "अगं, त्यो तुजा सासरा न्हवं का?" मला खरं वाटेना. तुम्ही उभे राहून पायडल मारत नव्हता, डोलत नव्हता, नुसते बसून वर येत होता, दळण दळावं तसे, एका लयीत. तोंड थोडं उघडं आणि डोळे समोरच्या चाकावर. तुमच्यामागं वळण रिकामं होतं. आमच्यासमोरून गेलात तेव्हा मी ओरडले, "मामंजी!" आणि मग तोंडावर पदर घेतला, कारण सून असं रस्त्यात ओरडत नाही. तुम्ही बघितलंही नाहीत. बऱ्याच वेळानं दुसरा आला, पुण्याच्या कॉलेजातला गोरा उंच मुलगा, तोंड लाल झालेलं. आम्ही त्यालाही शाबास म्हटलं. तेव्हा आम्हाला सगळ्यांचंच कौतुक होतं.

आम्ही चालत परत आलो तोवर एका बंगल्याच्या आवारात बक्षिसाची मंडळी खुर्च्यांवर बसली होती. क्लबाचे चिटणीस उभे राहिले. ते वकील होते, आवाज गोड होता. त्यांनी त्या कॉलेजातल्या मुलाचं नाव पुकारलं. पहिला म्हणून. लोक एकमेकांकडे बघायला लागले. कुणीतरी मागून म्हणालं, "पैला तर मिस्त्री आलाय की." चिटणीस हसले आणि म्हणाले, "मिस्त्रींचं आम्हाला कौतुकच आहे. पण नियम असा आहे, की ही शर्यत हौशी लोकांची. जो सायकलीवर पोट भरतो त्याला हौशी म्हणता येत नाही." आणि तुम्ही, मामंजी, मान हलवलीत. जणू त्यांनी हवा कशी आहे ते सांगितलं होतं.

मी कधी चारचौघांत बोलले नव्हते. पण पाय आपोआप पुढं गेले. मी म्हटलं, "साहेब, हा नियम नाव लिहून घेताना कुठं होता? आणि घाट काय ते पोटानं चढले? पायानंच चढले ना?" काही लोक हसले, काहींनी टाळ्या वाजवल्या. चिटणिसांनी माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही. ते तुमच्याकडे बघून म्हणाले, "मिस्त्री, ही कोण?" आणि तुम्ही माझ्याकडे वळून, सगळ्यांदेखत, दुकानात मुलांना दरडावायचात त्या आवाजात म्हणालात, "गप ऱ्हा. घरी चल."

त्यांना नाही, मला. अन्याय त्यांनी केला आणि गप मी बसायचं. या गोष्टीला इतकी वर्षं झाली, माझे केस पांढरे झाले, पण ते वाक्य मला अजून तसंच ऐकू येतं.

त्या दिवशी मी तुम्हाला भात वाढला आणि पाठ फिरवून चुलीकडे बसले. तुम्ही जेवलात. ताट स्वतः विसळलंत, जे तुम्ही कधी करत नव्हता. मग दाराशी उभं राहून म्हणालात, "पोरी, उद्या त्याच लोकांच्या सायकली दुकानात येनार हायेत. आपल्याला हितंच ऱ्हायचंय." तुम्ही पुन्हा म्हणालात, "कप न्हाई दिला, नको देऊ दे. आमी वर आलो ते काय पुसून टाकनार व्हय?" हे बोलणं ऐकायला गोड आहे, मामंजी. तुमच्यामागं मी ते चारजणांना सांगितलं तेव्हा त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं. माझ्या नाही आलं. कारण पुसून टाकलंच ना त्यांनी? आज पेपरात पहिल्या वर्षीचा विजेता म्हणून कुणाचं नाव आलंय ते मी ऐकलं की.

आणि दुसऱ्या वर्षी तर तुम्ही कहरच केलात. तोच चिटणीस दुकानात आला आणि म्हणाला, "मिस्त्री, शर्यतीबरोबर हत्यारं घेऊन चला, कुणाचं काही मोडलं तर हाताशी माणूस हवा." मी आतून ऐकत होते. मला वाटलं, आता तरी तुम्ही नाही म्हणाल. तुम्ही म्हणालात, "व्हय साहेब, येतो की." मी रात्रभर धुमसत होते. तुमचा मुलगा म्हणाला, "आबांना जाऊ दे, त्यांना आवडतं." मी म्हटलं, "आवडतं म्हणून काय गुलामी करायची?" त्यानं कूस बदलली.

तरी मी घाटावर गेले. का गेले, ते विचारू नका. चढाच्या शेवटच्या टप्प्यात पुढचे तिघे सायकलीवरून उतरून, हँडल धरून चालत येत होते, आणि त्यांच्यामागून तुम्ही आलात. पाठीवर पान्यांची पिशवी, कॅरिअरला हवेचा पंप, आणि तुम्ही बसून, त्याच लयीत, त्यांच्या बाजूनं पुढं गेलात. वर पोचून वडाखाली थांबलात आणि त्यांची वाट बघत बसलात. चिटणीस मोटारीतून बघत होते. ते लोकांना ओरडून म्हणाले, "बघा आमचा मिस्त्री!" लोक हसले, आणि तुम्हीही हसलात. संध्याकाळी मी विचारलं, "ते तुम्हाला हसले, कळलं का?" तुम्ही हातावरचं वंगण राखेनं घासत म्हणालात, "हसू दे की. खाली उतरलं कोन?" आणि इतके खूश दिसलात, की मला तुमच्या अंगावर तांब्या फेकावासा वाटला.

मग जर्मनीशी लढाई सुरू झाली. टायर मिळेनासे झाले, शर्यत बंद पडली. तुम्ही जुन्या टायरांना आतून चिंध्या लावून लोकांच्या सायकली चालू ठेवल्यात, आणि तुमचा गुडघा धरला तो धरलाच. लढाई संपल्यावर शर्यत पुन्हा निघाली तेव्हा एक दिवस दुकानापुढं मोटार थांबली. तोच गोरा उंच मुलगा, आता चांगला अंगानं भरलेला. त्यानं पुण्यात सायकलींची एजन्सी काढली होती. पेढ्यांचा पुडा पुढं करून तो म्हणाला, "मिस्त्री, तुमच्यासाठी चांगली बातमी. क्लबानं तो नियम काढून टाकला. आता धंदेवाल्यांनाही भाग घेता येईल." मी दारातून बघत होते. तुम्ही गुडघ्याला कापड गुंडाळून स्टुलावर बसला होता. नियम कुणासाठी काढून टाकला ते दुकानातल्या हातोडीलाही कळलं असतं. आता तो स्वतः धंदेवाला झाला होता आणि त्याला शर्यत सोडवत नव्हती. तुमच्यासाठी जो नियम दगडासारखा होता तो त्याच्यासाठी मेणासारखा वितळला. आणि तुम्ही म्हणालात, "बरं झालं, साहेब. पोरं उतरतील आता." पेढा घेतलात. मलाही हाक मारलीत, "पोरी, पानी आन साह्यबांना." मी पाणी आणलं. पेढ्याला हात लावला नाही.

त्यानंतर तुम्ही फार दिवस काढले नाहीत. शेवटच्या आजारात मी तुमचे पाय चेपायची, तेव्हा कितीदा ओठावर आलं, की एकदा तरी रागवा. माझ्यासमोर तरी. भिंतीकडे तोंड करून एक शिवी घाला त्यांना. तुम्ही डोळे मिटून पडायचात आणि विचारायचात, "आज घाटात धुकं हाय का गं?"

हा कागद मी कुठं टाकणार? पेपरवाल्याला पाठवावा असं सकाळी मनात आलं होतं, नातू पत्ताही लिहून द्यायला तयार होता. पण त्यात तुमचं नाव घालावं लागेल, आणि तुम्ही मला पुन्हा गप केलं असतं. तो डब्यात डाळीखाली ठेवते. एक गोष्ट मात्र आजवर मी घरात कुणाला सांगितलेली नाही. दर वर्षी शर्यतीच्या दिवशी मी कुरवंड्याला जाते म्हणून बाहेर पडते आणि खंडाळ्याच्या टोकाला जाऊन उभी राहते. शेवटचा माणूस वर येईपर्यंत हलत नाही. टाळ्या वाजवते, कुणाच्याही नावानं, त्या एजन्सीवाल्याच्या मुलालासुद्धा वाजवल्या. मला बरं वाटतं. हे तुम्हाला कळलं असतं तर तुम्ही खूप हसला असता, आणि ते हसणं मला अजूनही सहन होणार नाही.