लॉगमधलं नाव

अब्बा,

घरात आपण हिंदीच बोलायचो, तरी हे मराठीत लिहिते आहे. तुमचा वायरलेसवरचा आवाज मला मराठीतच आठवतो, आणि जे सांगायचं आहे ते त्या आवाजाशी लागून आहे. तुम्ही गेलात त्याला पुष्कळ वर्षं झाली. मागच्या आठवड्यात ऑफिसात नवीन आलेल्या एका मुलीनं मला विचारलं, "मॅडम, ही लॉगची लायब्ररी तुम्हीच लिहिली ना? यात नाव शोधायला एवढा फेरा का घेतलाय? सरळ मोजून घेता आलं असतं." मी तिला तांत्रिक उत्तर दिलं. ते बरोबर होतं, पण अर्धं होतं. उरलेलं अर्धं तिला सांगावंसं वाटलं नाही.

मुलचेऱ्याचं आपलं वनखात्याचं क्वार्टर आठवतं. स्वयंपाकघराची मागची भिंत आणि वायरलेसच्या खोलीची भिंत एकच. उन्हाळ्यात जंगलाला आगी लागायच्या, तेव्हा सेट दिवसभर बोलत असायचा. अम्मी चुलीपाशी रोट्या भाजते आहे, मी नववीचं पुस्तक घेऊन बसले आहे, आणि भिंतीपलीकडून तुम्ही दर निरोपाला तेच ते विचारता आहात. "बोलून कोन राह्यलं ते समजलं. निरोप कोनाचा हाय? आग कुठी हाय? ओव्हर." पलीकडचा गार्ड वैतागतो. "माहाच हाय ना भाऊ, अजून कोनाचा राहीन?" तुम्ही शांतपणे म्हणता, "मंग तसं सांग ना." रेंज ऑफिसातले लोक तुमची नक्कल करायचे. शाळेतल्या मुलीही करायच्या, आणि मला लाज वाटायची. एकदा जेवताना मीच केली. मिठाची वाटी पुढे आली तेव्हा म्हटलं, "नमक किसका है? कहाँ से दे रहे हो? ओव्हर." अम्मी हसली. तुम्ही घास खाली ठेवलात. "जिस बात का पता नहीं, उसकी नकल मत करो," एवढंच म्हणालात आणि उठून गेलात. तुम्ही कधी रागवायचा नाहीत, म्हणून ते मला फार लागलं. नेमकी कशाची माफी मागायची तेही कळेना, म्हणून मी मागितलीच नाही.

बारावीनंतर मी चंद्रपूरला कॉम्प्युटर शिकायला गेले. तिथं दोघींत मिळून एक मशीन, तेही दिवसाला एक तास. बाकीचं सगळं कागदावर लिहायचं आणि कागदावरच चालवून पाहायचं. पहिल्या सुट्टीत मी हे सांगितलं, तर निघायच्या दिवशी तुम्ही माझ्या पिशवीत एक जाड वही ठेवलीत. रद्दीत काढलेले जुने निरोपाचे फॉर्म, मागची बाजू कोरी, दाभणानं शिवलेले. वर अम्मीच्या जुन्या चादरीच्या कापडाचं कव्हर. माझे पहिले सगळे प्रोग्राम त्या वहीत आहेत. शेवटच्या वर्षाला होते तेव्हा थंडीत तुम्ही गेलात, दवाखान्यात पोचायच्या आधीच.

चौथ्या दिवशी एक गार्ड आला. सायकलवर बराच लांबून आला होता, पायांवर गुडघ्यापर्यंत धूळ. अम्मीला सलाम करून माझ्यासमोर बसला आणि म्हणाला, "बाई, तुले ठाऊक नसन. तू तवा लहान होती." त्याच्या कॅम्पचा सेट बिघडला होता, म्हणून तो चालत दुसऱ्या कॅम्पवर गेला आणि तिथून त्यानं आपल्या भागातली आग कळवली. तुम्ही ज्या सेटवरून आवाज आला त्या कॅम्पचं नाव लिहिलंत. माणसं भर उन्हात तिकडं धावली, तिथं धूरसुद्धा नव्हता. आणि इकडं दोन दिवस बांबू जळत राहिला. साहेबानं गार्डाला समोर उभं केलं. खोटी जागा सांगितली म्हणून त्याला निलंबित करायचं ठरत होतं. "मी सांगून राह्यलो का मी बरोबर सांगतलो, तं कोनी आयकाले तयार नाई. तवा तुहे अब्बा खुर्चीवरून उठले. म्हनले, साहेब, यानं बरोबर सांगतलं. मीच इचारलो नाई. सेट ज्याचा, त्याचं नाव लिहून टाकलो. मेमो त्याईले भेटला. माही नोकरी वाचली." एवढं सांगून तो चहा प्यायला आणि निघाला. त्या दिवशी मला ते जेवण आठवलं, आणि माफी कशाची मागायची होती तेही कळलं.

दोन हजार सालानंतर दोनतीन वर्षांतली पुढची गोष्ट. चंद्रपुरात जटपुरा गेटच्या बाजूला, एका भांड्यांच्या दुकानावरच्या मजल्यावर आम्ही सहा जण एका दवाखान्यासाठी सॉफ्टवेअर लिहीत होतो. प्रोग्राम चालताना काय घडलं त्याची नोंद आपोआप होत राहते, तिला लॉग म्हणतात. प्रत्येक ओळीत वेळ, मजकूर आणि कोणत्या क्लासनं ही नोंद करायला सांगितलं त्याचं नाव. क्लास म्हणजे प्रोग्रामचा एक तुकडा. आमच्याकडे एकेक तुकडा एकेकानं लिहिलेला होता. हे नाव आधी ज्यानं त्यानं हातानं लिहायचं, पण लोक दुसऱ्याचा कोड उचलायचे आणि त्यातलं त्याचं नावही तसंच राहून जायचं. म्हणून मी लायब्ररी, म्हणजे सगळ्यांनी वापरायचा सामाईक कोड, अशी केली की तिनंच चालत्या प्रोग्राममध्ये नाव शोधावं. यानं त्याला बोलावलं, त्यानं तिसऱ्याला, अशी बोलावण्यांची उतरंड मशीन सांभाळत असतं. शेवटी बोलावलेला सगळ्यांत वर. ती उतरंड मागून घेता येते. वरची दोन नावं माझ्या लायब्ररीचीच असायची आणि तिसरं ज्यानं नोंद करायला सांगितली त्याचं. मी लिहिलं, तिसरं नाव घ्या. चाचणीत दरवेळी बरोबर आलं. सगळ्यांनी कौतुक केलं.

मग एका शनिवारी काम जरा लवकर व्हावं म्हणून मी लायब्ररीतली एक मधली पायरी काढून टाकली. आता वर माझं एकच नाव राहिलं. पण कोडात तीनचा आकडा तसाच होता. म्हणजे नोंद करणाऱ्याचं नाव सुटून त्याला ज्यानं बोलावलं त्याचं नाव लॉगमध्ये पडू लागलं.

सोमवारी दवाखान्यातून फोन आला. रक्ततपासणीचे दोन अहवाल एकमेकांच्या नावावर छापले गेले होते. सिस्टरनं वय पाहिलं म्हणून ते पेशंटच्या हातात गेले नाहीत. लॉगमध्ये ओळ होती, ‘नंबर जुळला नाही, आधीचा घेतला’, आणि पुढं नाव पेशंटच्या नोंदणीच्या क्लासचं. तो क्लास माझ्या शेजारी बसणाऱ्या सहकाऱ्यानं लिहिलेला. मूल तालुक्यातल्या एका खेड्यातला, धानाची शेती असलेल्या घरातला. कमी बोलणारा, नीट काम करणारा. आमचे सर त्याच्या टेबलाशी आले.

"तुझ्याच क्लासचं नाव छापलंय. अजून काय पाहिजे?"

"सर, मले तं यात काईच दिसून नाई राह्यलं."

"मग दिसेपर्यंत बघ. रजा रद्द."

त्याची रजा मंगळवारपासून रोवणीसाठी, म्हणजे धानाच्या लावणीसाठी, होती. घरी वडील अंथरुणाला खिळलेले, आई एकटी, मजूर सांगून ठेवलेले. तो बसला आणि तेच चारशे ओळींचं पान पुनःपुन्हा वाचू लागला. मंगळवारी त्यानं कोडात नको त्या तपासण्या घालायला सुरुवात केली. बुधवारी सर सगळ्यांसमोर म्हणाले, शुक्रवारपर्यंत सापडलं नाही तर सोमवारी यायची गरज नाही. त्या दुपारी त्याच्या आईचा गावातल्या एसटीडीवरून फोन आला. त्यानं माझ्याच टेबलाशी उभ्यानं घेतला. "नाई येत मी, माय. तुम्हीच करून घ्या... नाई, कोनी तरास नाई देऊन राह्यलं. चूक माहीच हाय." फोन ठेवला आणि जागेवर जाऊन बसला. त्याला ते खरंच वाटायला लागलं होतं.

गुरुवारी सकाळी मी उभी राहिले आणि म्हटलं की मला सापडलं आहे, चूक माझ्या लायब्ररीची आहे. मग सगळ्यांसमोर दुरुस्त केलं. मोजणं काढून टाकलं. आता उतरंडीच्या वरच्या टोकापासून खाली यायचं, लायब्ररीचं स्वतःचं नाव दिसत राहील तोवर पुढं जायचं, आणि पहिलं बाहेरचं नाव लागेल ते घ्यायचं. मधे कितीही पायऱ्या वाढल्या वा घटल्या तरी फरक पडत नाही. प्रोग्राम पुन्हा चालवला. तीच ओळ आली, पुढं नाव अहवालाच्या क्लासचं. तो सरांनी स्वतः लिहिला होता. "बरं. मी करतो नीट," सर म्हणाले आणि आपल्या केबिनमध्ये गेले. जाताना सहकाऱ्याच्या टेबलाशी थांबले नाहीत.

त्यानं माझ्याकडे पाहिलं. "मंग मी जाऊ का आता गावाले?"

तो दुपारच्याच गाडीनं गेला. तोवर मजूर दुसऱ्यांच्या धानाच्या बांध्यांत गेले होते. त्याची अर्धी रोवणी आठ दिवस लांबली. परत आला तेव्हा माझ्यासाठी घरचे पोहे घेऊन आला, फडक्यात बांधलेले. "बाई, तुमच्यानं वाचलो," म्हणाला. मी पोहे घेतले.

त्या लायब्ररीत पुढं बरंच बदललं, पण नाव शोधायची रीत अजून तीच आहे. नवीन मुलीला मी तेवढंच सांगितलं. तो सहकारी आता दुसरीकडं असतो, चांगलं चाललं आहे त्याचं. ईदला फोन करतो. दरवेळी कधी ना कधी ती गोष्ट काढतो आणि आपल्या बायकोला ऐकू जाईल असं मोठ्यानं सांगतो की या बाईनं माझी नोकरी वाचवली. मी दरवेळी विषय बदलते.

अब्बा, गुरुवारी सापडलं असं मी सगळ्यांना सांगितलं, आणि वरही तसंच लिहून गेले आहे. सोमवारी दुपारी लॉगची पहिली ओळ पाहिली तेव्हाच मला तो तीनचा आकडा आठवला होता.