आरशाच्या मागून

ती. वहिनींना,

लांबूनच वाकून नमस्कार. तुमची तब्येत बरी असेल, दादाची कंबर ताळ्यावर आली असेल आणि तोंड नेहमीसारखं चालू असेल, असं धरून चालतो. त्यानं तिकडे गॅरेजात माझ्यासाठी काम बघून ठेवलंय आणि महिनाअखेर गुमान परत ये, असा निरोप मिळाला. (त्याला वाचून दाखवत असाल तर इथं थांबा, आधी पाणी द्या.) उत्तराला उशीर झाला, कारण माझं नाक सुजलं होतं. आता पत्र काय नाकानं लिहितोस का, असं तुम्ही म्हणाल. सांगतो.

मी इथं आरशांच्या दुकानात आहे. अंगापेक्षा मोठा आरसा कवटाळायचा, काच बाहेर, मी मागं, आणि गिऱ्हाइकाच्या घरी पोचवायचा. (माझी उंची तुम्हाला ठाऊक आहे. समोरून फक्त बोटं आणि बूट दिसतात.) रस्त्यात जो तो थांबतो, आणि मी कडेनं एक डोळा काढून बघतो. शाळेकडे निघालेले एक मास्तर रोज पोट आत ओढतात. परवा एक नवराबायको कडाकडा भांडत आले. आरसा दिसताच तिनं केस सारखे केले, त्यानं कॉलर, आणि मग नीटनेटके होऊन पुढं भांडले. एक जण मित्राला म्हणाला, "किती बघशील स्वतःला, चल की!" आणि स्वतः मागं राहून भांग पाडला. आरसा धरलाय कुणी, हे मात्र कुणी बघत नाही.

एकीनं बघितलं. कोपऱ्यावरच्या पावाच्या दुकानातली. नाकावरचं पीठ पुसता पुसता म्हणाली, "अहो आरसेवाले, डाव्या बुटाची नाडी सुटलीय. पडाल." वहिनी, त्या दिवसापासून नाडी मी रोज मुद्दाम सोडून जायचो. मग काय, तिच्याच दारात एकदा खरोखर पडलो. आरसा शाबूत, नाक त्याच्या पाठीवर आपटलं. मालकानं आधी आरसा पुसला, मग मला झापलं आणि फर्मान काढलं, यापुढं आरसा चादर टाकून न्यायचा.

झालं! चादर निम्मी माझ्या डोक्यावर, थांबतंय कोण? तिच्या दुकानासमोर पाय उगाच जड झाले. तेवढ्यात कुणीतरी चादर उचलली. आरशाच्या बाजूनं नाही, माझ्या बाजूनं. माझं नाक बघून म्हणाली, "अगंबाई! झाकलेलंच बरं होतं की." आणि हसत खाली वाकून नाडी बांधून टाकली. चांगली दुहेरी गाठ मारून.

ती गाठ मी अजून सोडलेली नाही. बूट घालूनच झोपतो.

तुमचा,
(दादाच्या भाषेत) पायाला भिंगरी लागलेला
धाकटा दीर

ता. क. दादाला सांगा, भिंगरीला गाठ बसलीय. मी येत नाही.

आणखी एक ता. क. (हा दुमडून ठेवा.) गाठ कसली अन् काय, तिचं नावसुद्धा विचारलेलं नाही. मला बोलता येतं ते आरशाच्या मागून. समोरून बोलायला आपलं माणूस लागतं. तुम्ही या ना, वहिनी. येताना मोजे मात्र आणू नका, बदलायची सोय नाही.