स्पॅनिशमध्ये जरा लांबतं

४ मार्च
डोकं फिरलंय. पेपरात पुन्हा आमच्या थीम पार्कची मोनोरेल. 'सिट्रस किंगडमची म्हातारी निवृत्त कधी होणार?' असा मथळा. म्हातारी म्हणे! गाडी चौतीस वर्षांची. लिहिणारा पोरगा तेवढाही नसेल. झालं काय, तर काल टायर फुटला आणि गाडी तळ्याच्या वर अडकली. अग्निशमनवाल्यांनी शिडी लावून माणसं उतरवली. एकालाही खरचटलं नाही. वर प्रत्येकाला आइस्क्रीमचं कुपन. तरी बोंबलतात.
उद्या संपादकाला असं पत्र लिहितो की जन्मभर विसरणार नाही.

५ मार्च
पत्र लिहिलं, फाडलं. शिव्या जास्त झाल्या होत्या. शांत झाल्यावर पुन्हा लिहिणार.
तिसऱ्या डब्याचं दार चालत्या गाडीत सुटतं अशी तक्रार आली आहे. सुटत नाही. हलतं. सुटणं आणि हलणं यातला फरक या लोकांना कोण समजावणार? चंदेरी टेप लावली. चांगल्यापैकी महागाची.

११ मार्च, दुपार
सुपरवायझर या नात्याने दोन फेऱ्या मारल्या. गाडी सुटली की आधी माझा आवाज वाजतो. 'स्वागत असो! कृपया दारांपासून दूर राहावे आणि प्रवासाचा आनंद लुटावा.' गाडी सुरू झाली त्या वर्षी रेकॉर्ड केलेला. मऊ, तरी भारदस्त. असे आवाज आता निघत नाहीत.
माझ्यामागून स्पॅनिशमध्ये इलेआना. तेव्हा ती माझी बायको होती. आता नाही. त्याचं मला काही वाटत नाही. फेऱ्या मी कामासाठी मारतो.
तिचं बोलणं माझ्या दुप्पट चालतं. भाषाच पसरट. रेकॉर्डिंगच्या दिवशी मी बजावलं होतं, माझं वाक्य जसंच्या तसं तुझ्या भाषेत म्हण. ती म्हणाली, स्पॅनिशमध्ये जरा लांबतं. म्हटलं, लांबू दे. मन मोठं लागतं. अकरा वर्षं संसार झाला, पण मला स्पॅनिश शिकायची वेळ आली नाही. भांडायची ती इंग्रजीतच.
एक निरीक्षण. क्युबाची, पोर्टो रिकोची कुटुंबं डब्याच्या मधोमध खांबाला धरून उभी राहतात, पोरांना घट्ट कवटाळून. बाकीचे मस्त दाराला टेकतात. आणि इलेआनाचा आवाज लागला की ही मंडळी फिदीफिदी हसतात. तिचे उच्चार गावठी असणार. मला आधीपासून शंका होती.

२ एप्रिल
ब्रेडन स्टॉकवेल, आमचे नवे व्हाइस प्रेसिडेंट. माझ्या अर्ध्या वयाचा, आणि खांद्यावर हात टाकून 'डेल, मित्रा' करतो. आज मीटिंग. भिंतीवर चित्र दाखवलं, हिरव्या रंगाची इलेक्ट्रिक बस. म्हणे मोनोरेलच्या जागी. तळपायाची आग मस्तकात गेली. बस! माणसं घर सोडून, विमानाचं तिकीट काढून फ्लोरिडाला बसमध्ये बसायला येणार?
म्हणाला, डेल, तीन गाड्यांपैकी दोन शेडमध्ये पडल्यात. मी म्हटलं, पडलेल्या नाहीत, राखीव आहेत. त्यांचे सुटे भाग काढून ही तिसरी चालवतोय, याचं कौतुक करायचं सोडून वर तोंड करून बोलतोस? खुर्चीला लाथ मारून बाहेर पडलो.
(लाथ मनातल्या मनात. पण खुर्ची जोरात सरकवली. सगळ्यांनी पाहिलं.)

७ एप्रिल, रविवार
इलेआनाच्या बेकरीत कॉफी. तिथे मी केवळ पेट्रोल पंप शेजारी आहे म्हणून जातो. गाडीत पेट्रोल भरपूर होतं, पण हवा तपासायची होती.
पेरूची पेस्ट्री पुढ्यात सरकवत म्हणाली, काय रे म्हाताऱ्या, तो खटारा अजून पडला नाही का? म्हटलं, तुझाही आवाज आहे त्यात, जरा जपून बोल. म्हणाली, म्हणूनच विचारतेय, ते दार दुरुस्त केलंस का? कुठलं दार, मी विचारलं. तिने कप माझ्याकडे सरकवला. मग म्हणाली, कॉफी पी, गार होतेय.
बायकांना दारांचं काय एवढं असतं कुणास ठाऊक.

२३ एप्रिल
सरकारी इन्स्पेक्टर आली. झोरैदा किलेस. पाच फूट उंची, हातात टॉर्च. आल्या आल्या माझी टेप सोलून काढली! मी म्हटलं, मॅडम, ती शोभेला नाहीये. ती म्हणाली, मिस्टर प्रुइट, मला तीच काळजी वाटतेय.
उर्मट.
फेरीला नेलं. चढल्या चढल्या डब्याच्या मध्यावर गेली आणि खांब धरला. भित्रीसुद्धा आहे. माझी सूचना झाली, इलेआनाची सुरू झाली, आणि ही बाई आधी हसली. मग वर स्पीकरकडे पाहिलं. मला विचारलं, ही स्पॅनिश सूचना कुणी लिहिली? अखेर एक प्रश्न कामाचा! म्हटलं, मी. शब्द न् शब्द माझा. पहिल्या दिवसापासून हीच आहे. तिने विचारलं, कंपनीला माहीत होतं? म्हटलं, माहीत म्हणजे? मीच मंजूर केली आहे! हे पुन्हा एकदा फोनमध्ये बोलाल का, म्हणाली. खणखणीत बोललो. रेकॉर्डिंगची मला सवय आहे.
जाताना हात मिळवला आणि म्हणाली, तुम्ही फार प्रामाणिक आहात. बाई तितकी वाईट नाही.

१४ मे
किलेसने तिसरा डबा बंद करायला लावला. वाईटच आहे.
संकल्प : चिडायचं नाही. पुराव्याने बोलायचं. सगळ्यांसमोर दार सुरक्षित असल्याचं प्रात्यक्षिक देणार. मी, स्वतः, दाराला टेकून. संपूर्ण फेरी. मग बघू बस कशी आणतात.

६ जून, सकाळ
आज प्रात्यक्षिक. इस्त्रीचा गणवेश, नवा बेल्ट. ब्रेडनला म्हटलं, मोबाइलवर शूटिंग कर, उद्या जाहिरातीला वापरशील. तो म्हणाला, डेल, नक्की ना रे? त्याच्या आवाजातली भीती ऐकून बरं वाटलं.

६ जून, संध्याकाळ
हाताला खरचटलंय. बारीक अक्षरात लिहितोय.
तिसऱ्या डब्यात आम्ही तिघंच : मी, ब्रेडन आणि किलेस. मी दाराला पाठ लावून उभा. गाडी हलली. माझा आवाज सुरू झाला. 'कृपया दारांपासून दूर राहावे...' आणि 'आनंद' या शब्दावर दार गेलं. हललं नाही. गेलं. प्लॅटफॉर्म संपला होता. खाली तळं, तळ्यात बदकं, आणि मी कमरेपर्यंत बाहेर. किलेसने एका हाताने खांब धरलेला, दुसऱ्या हाताने माझा बेल्ट. पाच फूट उंचीची बाई! बेल्टने दम धरला. पँटने धरला नाही.
इतकं होईपर्यंत वर इलेआनाची सूचना चालूच होती. किलेस मला आत ओढताना दात-ओठ खात काहीतरी पुटपुटत होती. स्पॅनिशमध्ये.
ब्रेडनने मोबाइल बंद केला नाही.

७ जून
व्हिडिओ सगळीकडे. पेट्रोल पंपावरच्या माणसाने मला ओळखलं. चेहऱ्यावरून नाही, असं स्पष्ट सांगितलं.
बेल्ट कंपनीवर दावा लावणार होतो, पण बेल्ट टिकला. पँट कंपनीवर लावतो.

१२ जून
चौकशी. लांब टेबल, कंपनीचे वकील, ब्रेडन, किलेस. तिने माझं बोलणं लावलं : शब्द न् शब्द माझा, मीच मंजूर केली. मी मान डोलावली. आवाज अजून छान लागतो.
मग ती म्हणाली, आता त्या स्पॅनिश सूचनेचा अर्थ सांगते. आणि सांगितला :
'आयांनो, पोरांना दारापासून लांब घ्या आणि खांब घट्ट धरा. या दारांचा भरवसा नाही, मी स्वतः उघडताना पाहिलंय. आत्ता जे साहेब गोड बोलले ते माझे यजमान आहेत. माणूस वाईट नाही, पण दारांमधलं त्यांना काही कळत नाही.'
कुणीतरी पाण्याचा ग्लास खाली ठेवला. किलेस म्हणाली, म्हणजे दार धोक्याचं आहे हे कंपनीला पहिल्या वर्षापासून ठाऊक होतं. आणि निम्म्या प्रवाशांनाच सांगितलं. तेही रोज, लाउडस्पीकरवर. मंजुरी मिस्टर प्रुइट यांची.
वकिलांनी कपाळाला हात लावला. मोनोरेल आजपासून बंद. कायमची. चौतीस वर्षं ती कुणाला बंद करता आली नाही. मी केली. या तोंडाने.

१३ जून
तरातरा बेकरीत गेलो. सगळ्या गिऱ्हाइकांसमोर ओरडलो. चौतीस वर्षं फसवलंस मला! माझ्याच गाडीत, माझ्याच पाठीमागून!
ती हातातला पाव खाली ठेवून माझ्यापेक्षा मोठ्याने ओरडली. ट्रायलच्या दिवशी दार माझ्या हाताखाली उघडलं. मी येऊन तुला सांगितलं. आठवतंय काय म्हणालास? हलतं गं, सुटत नाही. आठवतंय? मग ज्यांना माझं बोलणं कळतं, त्यांना सांगितलं. बसला असतास अकरा वर्षांत चार शब्द शिकायला, तर तुलाही कळलं असतं!
मी म्हटलं, मला सांगायचं होतंस की पुन्हा. ती म्हणाली, तू कधी कुणाचं ऐकलंयस? माझं सोड. स्वतःचं तरी? दारापासून दूर राहा, दूर राहा म्हणत आयुष्य घातलंस, आणि टेकलास कुठे? दाराला!
मग ती रडायला लागली. म्हणाली, पडला असतास मेल्या. तळ्यात पडला असतास.
पेस्ट्री न घेता निघालो. ती मागून कागदात बांधून घेऊन आली.

३० जुलै
नोकरी गेली नाही. वकील म्हणाले, याला काढलं तर हा आणखी बोलेल. बस डेपोत टेबल मिळालं. ब्रेडन हल्ली 'मित्रा' म्हणत नाही.
बसमधल्या सूचनांसाठी माझं नाव मी स्वतःहून सुचवलं. कळवतो म्हणाले.

१९ ऑगस्ट
कळवलं. इंग्रजी सूचना कॉम्प्युटर बोलणार. स्पॅनिश इलेआनाच. प्रवाशांचा तिच्यावर विश्वास आहे म्हणे. या वेळी किलेसने आधी ऐकून मंजुरी दिली आहे.
निषेध म्हणून बसमध्ये कधीही पाय ठेवणार नाही. लिहून ठेवतो.

२ सप्टेंबर
माझी कार गॅरेजमध्ये. पाऊस. बसने गेलो.
गर्दी होती, दाराजवळ उभा राहिलो. कॉम्प्युटर काहीतरी बोलला, निर्जीव, कुणी लक्ष दिलं नाही. मग इलेआना. बराच वेळ. बसमधली मंडळी हसायला लागली, आणि एकेक करून माझ्याकडे वळली. पिशवी घेतलेली एक आजीबाई उठली, माझ्या कोपराला धरलं आणि मला सरळ मधल्या सीटवर नेऊन बसवलं. मी चिडून विचारलं, काय म्हणतेय ती बाई? आजीबाई मोडक्या इंग्रजीत म्हणाली, ती म्हणते, दाराशी उंच, टोपीवाला, रागीट म्हातारा दिसला तर त्याला आत घ्या. तो ऐकणार नाही. तरी घ्या.
बसचं दार नवीन आहे. हललंसुद्धा नाही. शेवटच्या स्टॉपपर्यंत मी मधेच बसून राहिलो.