काउंटरवरचा मासा

३ तारीख, सकाळ
मालक बाहेरगावी गेले. जाताना म्हणाले, काउंटरवरच्या माशाला नीट सांभाळ, आलो की तुला काउंटरवर बसवायचं बघू. म्हणजे मिळालंच. आत्येभाऊ इस्त्री मारता मारता हसला. मोठा म्हणून दादा म्हणावं लागतं. जळका आहे.

४ तारीख
टाकीचं पाणी हिरवट. लॉन्ड्रीत ही घाण? टाकी, दगड, सगळं साबण पावडरीने घासून लख्ख केलं. मासाही धुणार होतो. दादाने हात धरला. प्रत्येक कामात नाक खुपसतो.

५ तारीख
मासा आडवा पोहतोय. आळशी. दुप्पट खाणं टाकलं, तोंड लावत नाही. माज.

६ तारीख, दुपार
दादा म्हणाला, मासा मेला तर काउंटर विसर, डॉक्टर बघ. पहिला जनावरांचा डॉक्टर म्हणाला, फक्त कुत्री-मांजरं बघतो. दुसऱ्याने विचारलं, केवढा आहे? म्हटलं, हाताएवढा. म्हणाला, मग खाऊन टाका. शिवी देणार होतो, त्यानेच फोन ठेवला. तिसरी डॉक्टरीण मासे बघते. म्हणाली, मासा आणा आणि टाकीतलं पाणी वेगळ्या बाटलीत आणा.

७ तारीख
बाईसमोर टाकीतलं पाणी न्यायचं? आपल्यालाही काही इज्जत आहे. बाटली पावडरीने घासली, नळाचं ताजं पाणी भरलं.
डॉक्टरणीने बाहेर बाकापाशीच बाटली हलवली. फेस आला. विचारलं, टाकीपण अशीच धुतली का? छाती काढून हो म्हटलं. शेजारी कुत्रं घेऊन बसलेल्या आजी म्हणाल्या, बिचारा. मी म्हटलं, हो ना, फार धावपळ होते माझी. त्या माशाकडे बघत होत्या.
मासा ठेवून घेतला. म्हणे साबणाने आजारी पडला. साबणाने कोणी आजारी पडतं? शिकलेली आहे म्हणून काहीही बोलायचं.

९ तारीख
मासा सुधारला. मी वेळेवर नेला म्हणून. आणायला गेलो तर देईना. दुसरं कोणी जाणतं माणूस पाठवा म्हणाली. मी म्हटलं, मीच जाणता. ती म्हणाली, दुसरं. शेवटी दादाला पाठवलं. त्याला खुर्ची देऊन सगळं समजावून सांगितलं म्हणे. मला उभं ठेवलं होतं.

११ तारीख, रात्र
मालक आले. मी कडक शर्ट घालून काउंटरपाशीच होतो. दादा काही बोलला नव्हता, पण डॉक्टरणीने फोनवर सगळं ओकलं होतं. मालक ओरडलेसुद्धा नाहीत. काउंटर दादाला. मला म्हणाले, तू मशीन बघ, तिथे जिवंत काही नसतं.
नकोच होतं मला. दिवसभर गिऱ्हाइकांची तोंडं कोण बघणार? फक्त आईला कालच सांगून बसलोय, काउंटर मिळालं म्हणून. तिने गल्लीभर केलं असणार.
संध्याकाळी तिचा दुकानाच्या फोनवर फोन आला. दादाने उचलला. मी आत मशीनमधून ओल्या चादरी उपसत होतो. दादा म्हणाला, मामी, तो काउंटरवर आहे, गर्दी आहे फार, नंतर करेल फोन.
आवाजसुद्धा हलला नाही त्याचा. असल्या खोटारड्याला काउंटर दिलंय.