बसमधला कूलर आता गळत नाही

अहो,
"हा कूलर काही सुधरत नाही," असं पुटपुटत मामाजींनी आज पुन्हा गादी उन्हात टाकली. आपल्या टुरिंग टॉकीजच्या बसमध्ये संसार म्हणजे असंच, असं तुम्ही म्हणाल. पण टाकीला तुम्ही डांबर लावलं, नळीवर मी सायकलच्या ट्यूबची पट्टी आवळली, तेव्हाच गळती थांबली. काल तर मी कूलरमध्ये पाणीच टाकलं नव्हतं. तुम्हालाही कळलं होतं, फक्त तुमच्या बाबांना विचारायला दोघांची जीभ रेटत नव्हती.

मामाजींना घेऊन भंडाऱ्याला डॉक्टरकडे जाते. भात झाकलाय. तंबूचं तुम्ही बघा. त्यांना काही विचारू नका. मी गादीवर मेणकापड घालत होते, तेव्हा ते स्वतःच बोलले, "कूलरले कायले बोल लावू, बाई? गादी मीच ओली करून राहिलो. मले झोपेत समजतच नाही."