लावा म्हटलं ते मीच

मंगळवार, दिवेलागण

जुगाराच्या वेबसाइटींवर आमच्या आंजी गावच्या हळदीच्या दुकानाची लिंक काऊन, हेच डोक्यात फिरून राह्यलं. आधी नेटवर हळद शोधली की आमचं पान पहिलं दिसे. आता पार खाली गेलं, गिऱ्हाईक तुटलं. पुतणी प्राची म्हणे, "काकू, असल्या घाण लिंकांनं सर्च इंजिनले आपल्यावरही शक येऊ शकते, का आपणच त्या लावल्या. तुम्ही तर कोणाले लावाले सांगतलं नाई ना?"

नाई म्हटलं. खोटं बोलली. मागं एकाचा फोन आलता, "ताई, हजार जागी तुमची लिंक लावून देतो." मीच म्हटलं, लावा.

आता पोरगी डोळे फोडून एकेक लिंक काढून टाकाच्या यादीत लिहिते, अन् माह्या कानात माहाच आवाज, लावा.

त्या फोनवाल्याले आज निरोप धाडला. शुक्रवारपर्यंत सांग, तू त्या लिंका काढतं, का मी प्राचीले सारं खरं सांगू?