विहिरीची चौदाव्या डिग्रीची रेघ

३ मार्च १९४६, रविवार. सकाळी ८.
रीडिंग आठवे. पाणी ९ हात. मी दोरी सोडतो, लेक चारू काठावर बसून लिहून घेते. १० मे रोजी तिचे लग्न, इथेच कर्जतला, दारात. जेवायला दीडशे पाने. आठही बिंदूंतून जाणारी सातव्या डिग्रीची बहुपदी काढून तिची रेघ १० मेपर्यंत नेली. त्या दिवशी ८ हात पाणी! चिंता मिटली.

४ मार्च.
पाणी शेंदणारी भागूबाई म्हणाली, “मास्तर, वैशाखात ही हीर तळ दावते. कडावच्या कोंडाजीला सांगून ठेवा, गाडीवर पिंपं आणंल नदीची. मागून गाडी गावायची नाय.” तिला डिग्री म्हणजे काय ते समजावले. ऐकता ऐकता दोन घागरी भरून गेली.

३१ मार्च, रविवार.
रीडिंग बारावे. ६ हात. डिग्री अकरा. उत्तर: लग्नाच्या दिवशी ४१ हात. विहीर बावीस हात खोल आहे. दोरी भिजून ताणली जाते, दोष तिचाच. उद्या नवी आणणे.
रेघ मध्ये शहाणी, टोकांना उड्या मारते. तरी एकही बिंदू सोडणार नाही. वृत्तातला एक गण गाळला की कविता लंगडते. पस्तीस वर्षे वर्गात हेच सांगितले. तेव्हा मुले माना डोलवत.

७ एप्रिल.
कोंडाजी स्वतः आला होता. गाडीची गरज नाही म्हणून सांगितले. तो चारूकडे बघत होता. का, कळले नाही.

२१ एप्रिल, रविवार.
रीडिंग पंधरावे. नवी दोरी. २ हात. डिग्री चौदा. उत्तर: उणे ३१२. दिशा चुकली असेल, पण आकडा भरघोस आहे. अचूकता वाढते आहे.
भागूबाईला विचारले, तू कधी मोजतेस? म्हणाली, “मधी कशाला बगायचं? शेवटाला रोज बगाय लागतं.” अशास्त्रीय. अंतर समान हवे.

५ मे, रविवार.
रीडिंग सतरावे. दोरीला चिखल. चारूने न विचारताच आकडा लिहिला. बहुपदी मांडली नाही. डोके दुखते.

१० मे, शुक्रवार. पहाटे ५.
दारात तीन गाड्या. बारा पिंपे. कोंडाजी म्हणाला, “चारूताईंनी होळीलाच सांगितलंवतं. तुमाला बोलू नका म्हनाल्या, वाईट वाटंल.”

१० मे, संध्याकाळी ७.
पाणी पुरले. निघताना चारू म्हणाली, “नाना, दोरी आता खुंटीला लावा.” मी हो म्हटले. रडू आले नाही. निरोपाची कविता म्हणणार होतो, दुसरी ओळ आठवली नाही.

१२ मे, रविवार. सकाळी ८.
रीडिंग अठरावे. दोरी कोरडी आली. “शून्य, लिही,” असे मोठ्याने म्हणालो. चारूच्या जागेकडे पाहिले. मग लक्षात आले, पेन्सिल माझ्याच कानावर होती.